ओर्मोनचं यंत्र जास्त बोलतं

माझ्या नवऱ्याला संशय घ्यायला कारण लागत नाही. चहा गोड झाला तर म्हणतो, "आज काय मागायचंय?" आणि अगोड झाला तर, "कुणी कान भरले तुझे?" लग्नात माझ्या बापाने त्याला घोडा दिला, तर सगळ्या पाहुण्यांसमोर त्याने आधी घोड्याचे दात मोजले. अशा माणसाच्या गाडीत बघणारं आणि बोलणारं यंत्र बसवायचं म्हणजे काय होणार, तुम्हीच सांगा!

मी कालिपा. नारीनच्या बस स्टँडवर तिकिटांच्या खिडकीत बसते. नारीन ते बिश्केक जाणाऱ्या मिनीबस तुरातबेकच्या. त्यातली एक माझा नवरा चालवतो आणि एक माझा धाकटा भाऊ ओर्मोन. नवऱ्याला सगळं स्टँड 'साके' म्हणतं. मी त्याला नावाने हाक मारत नाही, आमच्यात बायका मारत नाहीत. मनातल्या मनात मात्र बरीच नावं ठेवते.

डोलोन घाटातला बर्फ उतरायला लागला तेव्हा तुरातबेकने बिश्केकहून एक मुलगी आणली. आयपेरी तिचं नाव. आखूड केस, पांढरे बूट, आणि आमच्या स्टँडचं अंगण म्हणजे नुसता चिखल. तिने प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी बशीएवढा पडदा बसवला आणि त्याच्यावर नखाएवढा कॅमेरा. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नव्हे, चालवणाऱ्याकडे. बाहेर बघायला पुढे वेगळा होता. झालं, तिथेच सगळ्यांची कुजबुज सुरू झाली.

"हे सगळ्यांशी सारखंच बोलणार नाही," आयपेरी समजावत होती. "रस्ता कसा आहे, हवा कशी आहे, तुम्ही ताजे आहात की दमलेले, ते बघून लागेल तेवढंच सांगेल. ज्याला गरज कमी त्याला कमी, ज्याला जास्त त्याला जास्त. सरळ रस्त्यावर बोलेल, घाटात गप्प बसेल."

"घाटात गप्प?" माझा नवरा पुढे सरसावला. "म्हणजे जिथे जीव टांगणीला लागतो तिथे हे मूग गिळून बसणार?"

"आके, घाटात तुमचे हात, डोळे, डोकं सगळं गुंतलेलं असतं ना. तेव्हा कुणी बडबडलं तर लक्ष उडतं. म्हणून जे सांगायचं ते घाट लागण्याआधीच सांगून मोकळं होणार." आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे.

"बघा जेझ्दे," मागून ओर्मोन म्हणाला, "कधी गप्प बसायचं हे यंत्रालासुद्धा कळतं. तुम्ही तेवढं शिकून घ्या."

सगळं अंगण हसलं. जेझ्दे म्हणजे बहिणीचा नवरा, आणि जेझ्देची थट्टा करायचा मेव्हण्याला हक्कच असतो. माझ्या नवऱ्याने रागावायचं नसतं. तो रागावला नाही, पण लक्षात ठेवलं.

मग चहाच्या टपरीवर तर्कांना ऊत आला. एक म्हणाला, पोलिसांना कळवतं. दुसरा म्हणाला, आपण मालकाला शिव्या घालतो त्या ऐकतं. माझा नवरा म्हणाला, "घाटात गप्प बसतं ना, तेव्हाच ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतं. नाहीतर बोलणारा प्राणी उगाच गप्प का बसेल?" सगळ्यांना हे पटलं. मलाही थोडं पटलं, खोटं का बोलू? दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या गालिच्याच्या कोपऱ्यातून लोकरी नमद्याचा तुकडा कापला आणि कॅमेऱ्यावर चिकटवला. यंत्र बिश्केकपर्यंत एकच घोकत गेलं, "चालक दिसत नाही. अडथळा काढा. चालक दिसत नाही." शेवटी एक म्हातारा प्रवासी ओरडला, "अरे, दाखव बाबा त्याला तुझं थोबाड एकदाचं!" तेव्हा तो तुकडा निघाला. माझ्या गालिच्याला भोक पडलं ते पडलंच.

पण खरी मजा पुढे. आपल्या रस्त्यावर कबरस्तानांना काय तोटा? दर गावाबाहेर एक. कबरस्तान आलं की गाणं बारीक करायचं, दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवायचे, ओमीन म्हणायचं. स्टिअरिंग तेवढ्यापुरतं गुडघ्यावर. आमच्या आजोबांनी घोड्यावर बसून हेच केलं, आम्ही गाडीत बसून करतो. आता त्या कॅमेऱ्याला काय दिसलं? चालवणारा माणूस डोळे मिटतोय, तोंड चोळतोय. लगेच यंत्र म्हणायला लागलं, "तुम्ही थकलेले दिसता. पुढच्या थांब्यावर विश्रांती घ्या." पुढचं गाव आलं, पुन्हा ओमीन, पुन्हा "तुम्ही फारच थकलेले दिसता." कोचकोरला एक एजे गाठोडं घेऊन उतरली आणि म्हणाली, "पेंगणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही. मला नातवाचं लग्न बघायचंय."

माझ्या नवऱ्याने स्टँडवर येऊन आकाशपाताळ एक केलं. "मेलेल्यांची आठवण काढायची नाही म्हणे! उद्या म्हणेल शिंकू नका!" आयपेरीचे कान लाल झाले. "आके, मीसुद्धा ओमीन करते," ती म्हणाली, "पण मी शेजारी बसून करते. चालवणारासुद्धा करणारच, हे डोक्यातच आलं नाही माझ्या." आणि ती पोट धरून हसत सुटली. तिने यंत्राला ते शिकवलं. त्यानंतर ओमीन झालं की यंत्र गप्प राहायचं. माझ्या नवऱ्याला मात्र तेही खटकलं. "आता का गप्प? काहीतरी शिजतंय," म्हणाला.

तर हे चालू असताना बोलणं सुरू झालं की ओर्मोनचं यंत्र जास्त बोलतं.

आधी प्रवासी बोलायला लागले. "ओर्मोनच्या गाडीतलं यंत्र किती चांगलं! पुढे ट्रक उभा आहे, डावीकडे गाय आहे, रस्त्यावर दगड आहे, सगळं सांगतं. साकेंच्या गाडीतलं मेलं मुकंच." मग लोक खिडकीशी येऊन मुद्दाम ओर्मोनच्या गाडीचं तिकीट मागायला लागले. नवऱ्याची गाडी अर्धी रिकामी निघायची आणि तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच माणसं हाकलतेय.

"तुरातबेकने त्याला वेगळं यंत्र दिलंय," तो घरी म्हणाला. "तुझा भाऊ मालकाचा माणूस झालाय. माझं यंत्र मुद्दाम मुकं ठेवलंय. मी एकदा कुठे आपटलो की म्हणतील, साके म्हातारा झाला, घरी बसवा."

"माझ्या भावाबद्दल एक शब्द काढाल तर याद राखा," मी म्हणाले. "तुम्हाला तुमच्या सावलीचाही संशय येतो. ती मागून येते म्हणून!"

खुदाशपथ, तेव्हा मला वाटलं, आपलंच बरोबर आहे.

मग नवऱ्याच्या गाडीचा गिअर बिघडला आणि सुटा भाग आणायला तो कोचकोरला ओर्मोनच्या गाडीत प्रवासी म्हणून गेला. परत आला तो फुशारत. बसायच्या आधीच बोलायला लागला.

"ऐक! आज पुरावा मिळाला. सारी-बुलाकच्या अलीकडे त्याचं यंत्र काय म्हणालं माहितेय? 'पुढे उजवीकडे कबरस्तान.' आणि तुझ्या भावाने लगेच गाणं बारीक केलं, तोंडावरून हात फिरवला. पुढच्या गावी, 'डावीकडे कबरस्तान.' पुन्हा हात! म्हाताऱ्या खूश! काय सज्जन पोरगा म्हणे! अगं, जन्म गेला त्याचा या रस्त्यावर, आणि पूर्वज कुठे निजलेत हे त्याला यंत्राने सांगायचं? सगळा देखावा आहे देखावा, गिऱ्हाईक ओढायचा!"

माझ्या हातात चहाची वाटी होती. ती मी खाली ठेवली. कबरस्तान कुठे आहे हे कुणाला सांगावं लागतं? ज्याला ते दिसत नाही त्याला.

"काय झालं?" नवऱ्याने लगेच डोळे बारीक केले. "तुला माहीत होतं वाटतं?"

"चहा प्या," मी म्हणाले.

पुढचं सगळं मग आपोआप सुचत गेलं, आणि सुचू नये असं वाटत होतं. आमच्या स्टँडवर एक पद्धत आहे. किती जागा उरल्या ते मी खिडकीतून बोटांनी दाखवते आणि पलीकडे गाडीशी उभा असलेला चालक तेवढ्या जागांसाठी ओरडतो, "बिश्केक! दोन जागा!" सगळे तसंच करतात. ओर्मोन मात्र हिवाळ्यापासून चालत खिडकीशी यायचा. "एजे, किती राहिल्या?" मी त्याच्या हातात तळलेला गरम बोरसोक द्यायचे, तो तिथेच उभा राहून खायचा. बाकीच्यांना मी म्हणायचे, शिका जरा, भावाची माया कशी असते ती! माया कसली, त्याला माझी बोटं दिसत नव्हती. आणि मी बहीण, रोज समोर बसलेली, मला कळू नये? माझंच मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

सकाळी त्याला स्टँडमागे नेलं आणि सरळ विचारलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मधोमध डाग आलाय, एजे. कडेकडेचं दिसतं, तेही धुरातून बघितल्यासारखं. बिश्केकला डॉक्टरला दाखवलं. म्हणाला, गेलं ते परत येत नाही."

"आणि तू गाडी चालवतोस!"

"यंत्र बघतं ना. मी मागितलं नव्हतं त्याच्याकडे. मी ब्रेक उशिरा दाबतो, हे त्याचं त्यालाच कळलं, आणि ते आधीपासून सांगायला लागलं. अक्षरं मोठी केली. मी एकच गोष्ट मागितली, कबरस्तानं."

"ती कशाला रे?"

"आपला बाप सारी-बुलाकला निजलाय. एकदा त्याच्यासमोरून गेलो आणि मला कळलंच नाही, एजे. गाणं मोठ्याने चालू होतं. मागची म्हातारी म्हणाली, तुझं कुणी मेलं नाही का रे पोरा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी त्याच्यासारखी गप्प बसणारी नाही. "आयपेरीला माहीत आहे?"

"तिने विचारलं, यंत्र तुझ्याशीच इतकं का बोलतंय, डोळे दाखवून ये. मी म्हटलं, दाखवतो."

"आणि डोलोनला? घाटात तर ते गप्प बसतं."

"घाट मला पाठ आहे."

"घाट पाठ असेल. मेंढ्या पाठ आहेत? सगळे कळप आता वर कुरणाला निघालेत. वळणापलीकडे अख्खा रस्ता मेंढ्यांनी भरलेला असतो, मेंढ्यांमागे पोरं असतात. तेव्हा तू काय करतोस?"

त्याने खिशातून टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"शरद ऋतूपर्यंत थांब," तो म्हणाला. "मग मीच सांगतो तुरातबेकला. गाडी गेली तर मी कोण गं? मला मेंढ्यासुद्धा राखता येणार नाहीत."

"एक दिवससुद्धा नाही," मी म्हणाले. "आजच सांग."

"उद्या सांगतो. खुदाशपथ." आणि तो गाडी घेऊन गेला. मी त्याला जाऊ दिलं. तो परत येईपर्यंत मी खिडकीत बसून काय विकलं, कुणाला विकलं, मला काही आठवत नाही.

संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं, त्याने तुरातबेकला सांगून सकाळी सगळ्यांची बैठक बोलावलीय. आयपेरीलाही बोलावलंय. ओर्मोनच्या यंत्राचा सोक्षमोक्ष लावायचा. माझं धाबं दणाणलं. सगळ्यांसमोर, असं? म्हटलं, आपला माणूस आहे, खरं सांगितलं तर गप्प बसेल, चार भिंतींत मिटवेल. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग टाळी वाजवली.

"वा! भाऊ आंधळा म्हणे, आणि बस चालवतोय म्हणे! यापेक्षा बरी थाप सुचली नाही? काल म्हणत होतीस, एक शब्द काढू नका. आज त्याला आंधळा करून मोकळी! तुम्ही दोघं बहीणभाऊ मला काय समजता गं?"

"पोरांची शपथ घेते!"

"बघ, आता शपथा. शपथ घेणाऱ्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही."

डोकं आपटून घ्यावं असा माणूस. जन्मभर खोट्यावर संशय घेतला असता तर एक वेळ चाललं असतं. याने खऱ्यावर घेतला.

सकाळी अंगणात सगळे जमले. ओर्मोनची गाडी पहिली निघायची होती, भरली होती, तिकिटं मीच फाडली होती. वाटलं होतं, तो शब्द पाळेल, मग मी माणसं दुसऱ्या गाडीत बसवीन. पुढच्या जागेवर कुणाची तरी सून बसली होती, मांडीवर तान्हं. मी ओर्मोनकडे बघत राहिले. तो तुरातबेकच्या जवळ गेला, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि तेवढ्यात माझा नवरा पेटला.

"एकाच मालकाच्या गाड्या, एकच रस्ता, मग याच्याशी गोड गोड बोलतं आणि माझ्याशी का नाही? कबरस्तानंसुद्धा दाखवतं याला! विचारलं तर माझी बायको काय म्हणते ऐका. म्हणते, ओर्मोनला दिसत नाही! आंधळा आहे म्हणे तो!"

मग ओर्मोन म्हणाला, "जेझ्दे, मला दिसतं म्हणूनच तर तुमचं तोंड बघवत नाही."

अंगण असं हसलं की टपरीवाली बाहेर आली. तुरातबेक डोळे पुसत म्हणाला, "अरे, एक ओरखडा नाही ज्याच्या गाडीला, तो आंधळा? मग तुम्हा सगळ्यांचे डोळे काढा रे कुणीतरी!" पुन्हा हशा. मी खिडकीतून ओरडले, "खरं आहे ते!" तर त्यावरही हसले. म्हणाले, एजे नवऱ्याची बाजू घेतेय, सूर्य कुठे उगवला आज! एकटी आयपेरी हसली नाही. ती तुरातबेकला म्हणाली, "आके, थांबा, मला काही सांगायचंय." तुरातबेकने हात झटकला. "नंतर सांग पोरी. वेळ झाली. काढा गाड्या."

ओर्मोन गाडीत बसला. माझ्या खिडकीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. बघून तरी त्याला काय दिसलं असतं? इंजिन सुरू झालं. त्या सुनेने बाळाचं टोपडं नीट केलं.

मी खिडकी सोडली. धावत अंगणात गेले आणि त्याच्या गाडीसमोर उभी राहिले. बोनेटपासून चार पावलांवर. रोजचंच जांभळं जाकीट, रोजचाच रुमाल डोक्याला. ऊन लख्ख पडलं होतं. मी हात वर केला नाही, हाक मारली नाही. त्याच्या तोंडाकडे सरळ बघत राहिले.

गाडी हातभर पुढे आली. काच उघडी होती, म्हणून यंत्राचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "समोर माणूस आहे. थांबा."

ओर्मोनने ब्रेक दाबला. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि हसत, मोठ्याने म्हणाला, "ओ आके, बाजूला व्हा ना! सकाळी सकाळी मरायला माझीच गाडी सापडली का?"

कुणीतरी मागे हसलं. मग त्याचं हसणं अर्धवट थांबलं. तुरातबेकचा वर केलेला हात तसाच राहिला. गाडीतली सून माझ्याकडे बघत होती, मग तिने ओर्मोनकडे बघितलं, आणि बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"कोण आहे ते?" ओर्मोन म्हणाला. आता तो हसत नव्हता. "कोण आहे समोर?"

माझा नवरा गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. माझ्याकडे त्याला बघवेना. त्याने गाडीचं दार उघडलं, आणि त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाला, "उतर रे. आज मी नेतो."

ओर्मोन उतरला. पायरी पायाने चाचपून उतरला, आता लपवायचं कुणापासून? गाडीला हात लावत लावत पुढे आला, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला, मान तिरकी केली, आणि तेव्हा कुठे त्याला मी कळले.

"एजे?" तो म्हणाला. "तू होतीस?"

मी मान हलवली. मग आठवलं, त्याला ते दिसणार नाही. "हो," मी म्हणाले.

"एक हाक मारायचीस ना," तो म्हणाला. "आवाजावरून ओळखलं असतं मी तुला."